शेवटच्या ओळीखालची रेघ

१९८३ साली भोसरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिले तीन दिवस मला मशीनला हात लावू दिला नाही. मला कार्बन लावायला बसवलं. वर पांढरा बाँड पेपर, त्याखाली कार्बन, काळी बाजू खाली. मग गुलाबी पातळ कागद, पुन्हा कार्बन, मग पिवळा, पुन्हा कार्बन, मग हिरवा. सगळी चवड टेबलावर आपटून चारी कोपरे जुळवायचे आणि मशीनच्या रुळात सरळ घालायची. पांढरा पार्टीला, गुलाबी अकाउंट्सला, पिवळा स्टोअर्सला, हिरवा फायलीला. एखादा कार्बन उलटा लागला की मजकूर वरच्याच कागदाच्या पाठीवर उमटायचा, आरशात धरून वाचावा असा. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा.

चौथ्या दिवशी हेडक्लार्क बाईंनी मला मशीनवर बसवलं आणि पहिलं पत्र झाल्यावर म्हणाल्या, "आता खाली डॅश मार. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

"कशाला?"

"जागा मोकळी राहिली की कुणीतरी तिथं काहीतरी घालतं. सही साहेबांची आणि मजकूर दुसऱ्याचाच, असं व्हायला नको."

पुढची अडतीस वर्षं मी त्याच कारखान्यात होते. टायपिस्ट, स्टेनो, सेक्रेटरी आणि शेवटी 'अ‍ॅडमिन मॅनेजर' असं भारदस्त पद. निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग लावला. एका तासाला गुरुजींनी शिवकालीन पत्राची छायाप्रत दिली. मजकुराच्या शेवटी एक छोटी मुद्रा होती : 'मर्यादेयं विराजते'. गुरुजी म्हणाले, ही मर्यादेची मोर्तब. पत्र इथं संपलं, याच्या खाली लिहिलेलं ग्राह्य नाही. मी मोठ्याने हसले. वर्गातली पोरं बघायला लागली. बाईंच्या डॅशची रांग माझ्यापुढे उभी राहिली होती, तीनशेहून जास्त वर्षं जुनी.

त्याच तासाला दुसरा शब्द कळला. कागद दप्तरी नोंदला गेला की त्यावर 'बार' असा शेरा पडे. त्यावरून बारनिशी. आजही कितीतरी सरकारी कचेऱ्यांत आवक-जावकच्या टेबलाला बारनिशीच म्हणतात. मी स्वतः कितीदा त्या टेबलासमोर शिक्का मारून घ्यायला उभी राहिले असेन, पण शब्द कुठून आला हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

बार आणि मर्यादा. कागदाची नोंद झाली का, आणि कागद संपला कुठं. मागे वळून बघते तेव्हा वाटतं, ऑफिसात आम्ही जन्मभर याच दोन गोष्टींसाठी धडपडलो. क्लाउड आला आणि त्याने पहिली गोष्ट इतकी सोपी केली की दुसरीचा सगळ्यांना विसर पडला. ती हकिगत सांगायची आहे.

माझं मशीन गोदरेजचं होतं. गोदरेज अँड बॉइसने १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढं २००९ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. आमच्या पिढीतल्या मराठी शाळेतल्या मुलींना टायपिंग म्हणजे नोकरीचं दार होतं. सकाळी सातच्या बॅचला इन्स्टिट्यूटमध्ये वीस मशीन एकदम सुरू झाली की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस, मराठी तीस अशा परीक्षा; आकडा मिनिटाला शब्दांचा. मराठीचं मशीन जड. अर्ध्या अक्षरांची बटणं वेगळी आणि रफार चुकला की खोडरबराने कागदाला भोक. मशीनवरची ही सरकारी परीक्षा २०१७ साली बंद झाली, तोपर्यंत कितीतरी घरं तिच्यावर उभी राहिली होती.

जास्त प्रती हव्या असल्या की सायक्लोस्टाइल. मेणाच्या स्टेन्सिलवर रिबन काढून टाइप करायचं, चुकलं तर नेलपॉलिशसारखं लाल द्रव लावून वाळू द्यायचं. बोनसची नोटीस निघायची त्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत काळे असत आणि कामगार माझ्या हातांकडे बघूनच ओळखत, "आज काहीतरी लागणार बोर्डावर."

१९९० च्या सुमाराला पहिला कॉम्प्युटर आला. त्याला स्वतःची खोली, स्वतःचा एसी, आणि चपला बाहेर. वर्डस्टारमध्ये पत्र, लोटस वन-टू-थ्रीमध्ये दरपत्रक. कार्बन गेला. पण प्रती गेल्या नाहीत, उलट वाढल्या. कार्बनच्या चार प्रती निदान एका दणक्यात जन्मलेल्या, शब्दाला शब्द सारख्या असत. फ्लॉपीवरून दुसऱ्या मजल्यावर गेलेलं दरपत्रक तिथं बदलायचं आणि पहिल्या मजल्यावरच्याला पत्ताच नसायचा.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्याकडे ते दोन-तीन वर्षांनी पोचलं. सगळ्या ऑफिसला मिळून एकच मेल पत्ता. सकाळी मोडेमची किरकिर संपली की आलेल्या मेल मी छापायची, प्रत्येकीवर आवकचा शिक्का मारायची, नंबर घालायची आणि ज्याच्या-त्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. आज पोरं यावर हसतात. पण एकही मेल हरवली नाही, कारण प्रत्येकीचा बार झालेला होता.

मग ऑफिसभर वायरी गेल्या, कोपऱ्यातल्या खोलीत सर्व्हर आला आणि सगळ्यांना एक सामाईक फोल्डर मिळाला. त्याचं नाव झेड ड्राइव्ह. ऑफिसातलं निम्मं भांडण त्या झेडवर व्हायचं. दरपत्रकाची फाइल कुणीतरी उघडी ठेवून जेवायला जायचं आणि बाकीच्यांना फक्त वाचता यायची. मग हाकाटी : "अरे, फाइल कोणाकडे उघडीय? बंद करा!" ज्याला घाई असे तो स्वतःच्या मशीनवर प्रत काढून घेई. एकदा मोजलं, तर एकाच दरपत्रकाच्या झेडवर अकरा प्रती निघाल्या. फायनल, फायनल-२, फायनल-नवीन, फायनल-साहेब, फायनल-साहेब-खरं. यातलं खरं कुठलं, हे विचारायला सगळे माझ्याकडे येत, आणि मी तारखा बघून अंदाज करायची.

या सर्व्हरचा रोजचा बॅकअप टेपवर निघायचा. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी टेप. दर शुक्रवारी अकाउंट्समधले काका ती डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचे आणि कपाटात, बायकोच्या दागिन्यांशेजारी ठेवायचे. आग लागली तर एक प्रत बाहेर असावी, एवढाच विचार; आणि तो बरोबरच होता. २०१० च्या पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. काका अभिमानाने टेप घेऊन आले. टेप लावली. कोरी. त्याआधीच्या शुक्रवारची लावली. तीही कोरी. बॅकअप होतोय असं पडद्यावर दिसत होतं, पण टेपवर काही उतरतं का हे आम्ही एकदाही परत वाचून पाहिलं नव्हतं. दोन महिन्यांची बिलं मी माझ्या हिरव्या कागदांच्या फायलींवरून पुन्हा भरली. सगळं कॉम्प्युटरवर गेलं तरी हिरवी प्रत छापून लावायची माझी सवय सुटलेली नव्हती, आणि तोवर सगळे तिची टर उडवत.

तरीही क्लाउडवर जायचा निर्णय झाला नाही. तो झाला २०१२ मध्ये. २१ जूनच्या दुपारी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वर सहाव्यापर्यंत, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयापर्यंत गेली. माणसं गेली आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, आपलं सगळं कुठं आहे?" मी सर्व्हरच्या खोलीकडे बोट केलं. "आणि?" आणि काकांच्या कपाटात. पुढं सरकारातही ई-ऑफिसच्या कामाला जोर आला. केंद्राने २०१४ मध्ये आपला सरकारी क्लाउड सुरू केला, त्याचं नाव मेघराज. आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं क्लाउड धोरण जाहीर केलं. आम्ही मात्र २०१३ मध्येच हललो.

"ढग म्हणजे नक्की कुठं?" हा मालकांचा पहिला प्रश्न. इंजिनिअर मंडळी नेटवर्कचं चित्र काढताना, ज्या भागाचा तपशील दाखवायचा नाही तिथं ढगाचा आकार काढत, त्यावरून हे नाव. ते सांगून मालकांचं समाधान होईना. आम्ही ज्यांच्याकडे जाणार होतो त्यांची सर्व्हरघरं तेव्हा परदेशात होती. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या होत्या आणि भारतातलं इंटरनेट अर्धमेलं झालं होतं. मालकांच्या ते लक्षात होतं. "म्हणजे तिकडं कुणाचा नांगर अडकला तर माझं दरपत्रक अडकणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. नंतर हे अंतर कमी झालं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली, २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत, २०१७ मध्ये गूगलने मुंबईत. ढग शेवटी पुण्या-मुंबईच्या जमिनीवरच उतरला. कुलूप, पहारेकरी आणि डिझेलचे जनरेटर असलेल्या इमारतीत.

दुसरा प्रश्न पैशाचा. आजवर सॉफ्टवेअर खोक्यात यायचं. सीडी, लायसन्सचा स्टिकर, एकदा घेतलं की वर्षानुवर्षं आपलं. आता माणशी दरमहा पैसे. मालकांनी एका वाक्यात निकाल दिला : "म्हणजे घर विकून भाडेकरू व्हायचं." पण सर्व्हर, एसी, टेप आणि तो बघायला येणारा माणूस यांची बेरीज मी कागदावर मांडून दिली तेव्हा गप्प बसले.

क्लाउड शिकवायला आलेल्या मुलाने पहिल्या दिवशी एक जुनी काळी-पांढरी फिल्म दाखवली. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगलबर्ट नावाचा संशोधक हजारभर लोकांसमोर बसलाय, हातात माउस. सुमारे पन्नास किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये त्याचा सहकारी, आणि दोघं एकाच पडद्यावर, एकाच मजकुरात काम करताहेत. मी तेव्हा पाच वर्षांची होते! मग हे आमच्यापर्यंत यायला चाळीस वर्षांहून जास्त का लागली? मुलगा म्हणाला, कल्पना होती, पण घराघरात पोचलेलं वेगवान इंटरनेट नव्हतं, आणि पानातच लिहू देणारे ब्राउझर नव्हते. ते आल्यावर २००५ मध्ये राइटली नावाचं छोटं संपादक-पान निघालं, तीन जणांनी केलेलं. २००६ च्या मार्चमध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी त्यातून गूगल डॉक्स आलं. आपल्याकडच्या झोहोनेही आपलं रायटर २००५ मध्येच आणलं होतं. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ आलं जून २०११ मध्ये.

प्रत्यक्ष स्थलांतर मात्र फिल्मसारखं चकचकीत नव्हतं. आमचा जुना माल ३०० जीबी आणि इंटरनेटची लाइन २ एमबीपीएस. मी त्रैराशिक मांडलं : दिवसरात्र, दुसरं काही न करता, जवळपास चौदा दिवस. म्हणून रात्री चढवायचं आणि दिवसा काम करायचं असं दीड महिना चाललं. रात्रपाळीच्या वॉचमनला सांगून ठेवलं होतं, निळा दिवा लुकलुकायचा थांबला की फोन कर. त्याने तीन वेळा उठवलं मला.

सर्वांत वाईट दिवस मराठी कागदांचा. नोटिसा, स्थायी आदेश, युनियनबरोबरचे वेतन करार, सगळं मराठीत आणि सगळं जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडच्या आधीच्या काळात प्रत्येक फॉन्टवाला आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवायचा. तो फॉन्ट मशीनवर असेपर्यंत मराठी दिसे. क्लाउडवर चढवल्याबरोबर १९९६ चा वेतन करार उघडला, तर त्यात रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची भेळ. युनियनचे सेक्रेटरी शेजारी उभे होते. म्हणाले, "ताई, आमच्या पगाराची हीच भाषा हवी होती ना मॅनेजमेंटला!" कन्व्हर्टर वापरून बघितले, तरी रफार आणि जोडाक्षरं जागोजाग चुकलेली. करारात 'वर्ग' आणि 'वग' यात फरक असतो. शेवटी छापील प्रती समोर ठेवून मी आणि एक मुलगी, आम्ही दोघींनी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. तीस वर्षांनी माझी मराठी तीसची परीक्षा पुन्हा कामाला आली.

आणि मग तो सोमवार. एक मोठं कोटेशन घाईत जायचं होतं. मी टेबलावर, डिझाइनवाले वरच्या मजल्यावर, परचेसचे साहेब चाकणला व्हेंडरकडे. तिघं एकाच कागदात. माझ्या ओळीखाली हिरवी उभी रेघ लुकलुकत होती, तिच्यावर परचेस साहेबांचं नाव. बघता बघता चाकणमधून पोलादाचा भाव उमटला, एकेक आकडा. शेजारची मुलगी दचकून म्हणाली, "मॅडम, भूत टाइप करतंय." पंचवीस मिनिटांत कोटेशन तयार. कार्बन लागला नाही, फ्लॉपी लागली नाही, फायनल-साहेब-खरं लागलं नाही. एकच कागद, आणि तो सगळ्यांकडे. शिवाय कुणी, कधी, कुठलं अक्षर बदललं याची नोंद आपोआप. इतकी चोख बारनिशी तर पेशव्यांच्या फडावरही नसेल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कारखान्याची मशीन थांबली, पण महिनाअखेरीला कामगारांचे पगार वेळेत झाले. मी निगडीत स्वयंपाकघराच्या ओट्याशी, अकाउंट्सची मुलगी गावी, बार्शीला. झेड ड्राइव्ह असता तर त्या महिन्यात तीनशे घरांचा पगार कुलपाआड राहिला असता. म्हणून क्लाउडला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

पण एक गोष्ट घडली होती २०१७ मध्ये. एका जुन्या गिऱ्हाइकाला आमच्या नव्या इंजिनिअरने दरपत्रक पाठवलं. त्याने प्रत पाठवली नाही, लिंक पाठवली. सोमवारी मालकांनी दर मंजूर केले, गिऱ्हाइकाने ते बघितले, तोंडी हो म्हटलं. बुधवारी रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी त्याच इंजिनिअरने, चांगल्या हेतूने, तांब्याचा नवा भाव त्याच कागदात घातला. गुरुवारी गिऱ्हाइकाने लिंक पुन्हा उघडली, तर दर वाढलेले. फोनवर ते जे बोलले ते लिहिता येणार नाही. वीस वर्षांचा संबंध तिथं संपला.

चौकशी पाच मिनिटांत झाली. नाव, वेळ, जुना आकडा, नवा आकडा, सगळं पडद्यावर. पोराचा चेहरा उतरला, तो म्हणाला, "पण मॅडम, हिस्ट्रीत सगळं आहे की." होतं ना. बार होता, मर्यादा नव्हती. त्या कागदाच्या शेवटच्या ओळीखाली कुणी डॅश मारले नव्हते, कारण त्या कागदाला शेवटची ओळच नव्हती. तो सोमवारी मंजूर झाला, तरी बुधवारी उघडाच होता.

त्यात यंत्राचा दोष नव्हता. कागदाचं कुलूप, मंजुरी, न बदलणारी पीडीएफ प्रत, सगळ्या सोयी तिथं होत्या. पण कार्बनच्या काळात कागद रुळातून ओढून काढला की आपसूक संपायचा. आता तो संपवणं हे वेगळं काम झालं, आणि ते काम कुणाच्याच पदाखाली लिहिलेलं नव्हतं. त्या आठवड्यापासून मी ते माझ्या पदाखाली लिहून घेतलं : मंजूर झालेला कागद कुलूपबंद करायचा, त्याची पीडीएफ काढायची, गिऱ्हाइकाला तीच जाणार, लिंक नाही. पोरांनी त्याला नाव ठेवलं, 'मॅडमची रेघ'.

३१ मे २०२१ ला मी निवृत्त झाले. निर्बंध होते, त्यामुळे निरोप समारंभाला सहा माणसं आणि एक लॅपटॉप. सहा वाजता माझा आयडी बंद होणार होता. साडेपाचला मी त्या वर्षीचं मंजूर दरपत्रक उघडलं, कुलूपबंद केलं, एक प्रत छापली, शेवटच्या आकड्याखाली पेनाने या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली, सही केली आणि पंच करून बॉक्स फायलीत लावली. ती फाइल अजून त्या कपाटात आहे. तुमच्या ऑफिसात आज जो कागद सगळ्यांसाठी उघडा आहे, तो कधी संपला हे कोण ठरवणार, एवढं उद्या सकाळी एकदा विचारून घ्या.